‘हक्क’ : वतनाकडून माणसाकडे

पाश्चात्त्य जगाला आधुनिक रूप देणाऱ्या ज्या विचारांची व राज्यक्रांतींची चर्चा नेहमी होते, त्यांचा मराठी वाङ्मयावरील परिणाम सांगताना समीक्षकांत दोन परस्परविरोधी मते रूढ झालेली दिसतात. पहिले मत असे की, स्वातंत्र्य, समता आणि मानवी हक्क या कल्पना इंग्रजी ग्रंथांच्या द्वारे येथे आल्या व एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यलेखकांनी त्या जशाच्या तशा उचलल्या. म्हणून त्यांचे लेखन हे उसनवारीचे लेखन होय. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. या साऱ्या कल्पना संतवाङ्मयात पूर्वीच होत्या, पाश्चात्त्यांनी केवळ त्यांची आठवण करून दिली, असे ते मत सांगते. वरवर पाहता ही मते एकमेकांविरुद्ध असली तरी दोहोंचा दोष एकच आहे. विचार कोठून आला एवढाच प्रश्न दोघेही विचारतात. आल्यानंतर त्याने येथील भाषेत कोणते कार्य केले, हा प्रश्न दोघेही सोडून देतात. वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ‘हक्क’ या एकाच शब्दाचा मागोवा येथे घेतला आहे.

‘हक्क’ हा शब्द इंग्रजी अमलाबरोबर आलेला नाही. मूळ अरबी असलेला हा शब्द फार्सीच्या मार्गाने मराठीत आला आणि कित्येक शतके मराठी कागदपत्रांत नांदत होता. वतनपत्रे, महजर व निवाडे यांत तो पदोपदी आढळतो. परंतु तेथे त्याचा अर्थ काय? पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क, बलुतेदाराचा हक्क, असा तो नेहमी कोणाच्या तरी नावाला जोडलेला असतो. हक्क, लाजिमे आणि मानपान ही त्याची सोबत. होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, खळ्यावर कोणाला किती धान्य, हे सारे ‘हक्क’ होत. हे हक्क पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने चालत. म्हणजे येथे हक्काचा आधार जन्म हाच होता. परंतु तो माणूस म्हणून झालेला जन्म नव्हे, तर अमुक घरात, अमुक जातीत व अमुक गावच्या वतनात झालेला जन्म. एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे देणे, आणि सर्वांना सारखा असा हक्क म्हणजे या भाषेत जवळजवळ वदतोव्याघात ठरला असता.

संस्कृतातून आलेल्या ‘अधिकार’ या शब्दाची कथा फार वेगळी नाही. मीमांसाशास्त्रात अधिकार म्हणजे कर्म करण्याची पात्रता. आणि ती पात्रता सर्वांना नसते हे सांगण्यासाठीच त्या शब्दाचा विशेष उपयोग होई. फार्सी वळणाचा शब्द घ्या किंवा संस्कृत वळणाचा घ्या, विषमता ही दोहोंच्या अर्थातच मुरलेली होती. तेव्हा पाश्चात्त्य कल्पनेला योग्य मराठी प्रतिशब्द शोधण्यापुरता हा प्रश्न नव्हता. ज्या शब्दात विषमता भरलेली होती त्याच शब्दाकडून समतेचे काम करून घ्यावयाचे होते.

ही अडचण केवळ मराठीचीच होती असे मानणे चुकीचे होईल. फ्रेंच भाषेत ‘द्रुआ’ हा जो शब्द मानवी हक्कांसाठी योजला गेला, तोच शब्द सरंजामदारांच्या वंशपरंपरागत येण्यांसाठीही रूढ होता. जमीनदाराची गिरणी, त्याची भट्टी, त्याचे कबुतरखाने व शिकारीचा विशेषाधिकार ही सारी त्याची ‘द्रुआ’च होती. १७८९ च्या ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेने हे सरंजामी हक्क मोडीत काढण्याची घोषणा केली; आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला मानवाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. अवघ्या तीन आठवड्यांत एका अर्थाचा शब्द मेला व त्याच शब्दाला दुसरा अर्थ मिळाला. पण प्रत्यक्ष व्यवहार शब्दाइतका त्वरित बदलला नाही. प्रारंभी अनेक येणी भरपाई देऊन सोडवून घ्यावी लागणार होती. ती भरपाईवाचून रद्द होण्यास जुलै १७९३ उजाडला. क्रांतीचा शब्द आणि क्रांतीचा व्यवहार यांत असे अंतर पडते, ही गोष्ट मराठीतील घडामोडींचा विचार करतानाही ध्यानात ठेवावी लागते.

मराठीत या अर्थांतराचा पहिला मोठा प्रयत्न जोतीराव फुले यांच्या गद्यात दिसतो. टॉमस पेन याचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ त्यांनी तरुणपणीच वाचला होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. १७९१ व १७९२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एडमंड बर्क याने फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेचे उत्तर होता. बर्कचा भर परंपरेवर होता. पूर्वजांकडून आलेली संस्था हा वारसा असून तो पुढच्या पिढीकडे सोपविणे हेच शहाणपण, असे त्याचे म्हणणे. पेनचा सारा हल्ला या वारशाच्या कल्पनेवर आहे. मेलेल्या पिढीला जिवंत पिढीवर राज्य करता येत नाही, आणि बुद्धी वंशपरंपरेने येत नसताना सत्ता मात्र तशी यावी हे हास्यास्पद आहे, हे त्याच्या युक्तिवादाचे सार होय.

हा युक्तिवाद इंग्लंडमध्ये राजा व उमराव यांच्याविरुद्ध होता. फुल्यांसमोर इंग्लंडचा राजा नव्हता; त्यांच्यासमोर कुलकर्णी, भट व जातिव्यवस्था होती. म्हणून पेनने राजसत्तेच्या वारशाविरुद्ध वापरलेले शस्त्र त्यांनी ज्ञानाच्या, पुरोहितपणाच्या आणि वतनाच्या वारशाविरुद्ध वापरले. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या पिकातून कोण कोण आपला वाटा उचलतो याची जी झडती आहे, ती एका परीने जुन्या ‘हक्कां’चीच झडती आहे. जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रत्येक संस्काराला लागणारी दक्षिणा ते हिशेबनीसाच्या काटेकोरपणाने मोजतात. या यादीचे वाङ्मयीन सामर्थ्य तिच्या कंटाळवाणेपणातच आहे. एकामागून एक येणारी येणी वाचता वाचता वाचकाचाही श्वास कोंडावा, अशी तिची रचना आहे. पेनच्या गद्यात अशी यादी आढळत नाही, कारण त्याचा वाचक ती व्यवस्था तत्त्व म्हणून ओळखत होता. फुल्यांचा वाचक ती रोजचा खर्च म्हणून ओळखत होता.

१८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ फुल्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करण्यात दाखविलेल्या औदार्याबद्दल अर्पण केली. अमेरिकेत संविधानातील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी १८६५ च्या डिसेंबरात रद्द झाली होती. ही अर्पणपत्रिका म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. अमेरिकन स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा. त्यानंतर गुलामांच्या मुक्तीला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. फुल्यांनी आपला ग्रंथ १७७६ च्या क्रांतीला अर्पण न करता तिच्या उशिरा पुऱ्या झालेल्या भागाला अर्पण केला, यात त्यांची दृष्टी प्रकट होते. क्रांतीचे मोल तिच्या घोषणेवरून न ठरविता तिच्यातून सर्वांत शेवटी कोण सुटले यावरून ठरवावयाचे, ही ती दृष्टी होय.

याचा अर्थ त्यांचे लेखन निर्दोष आहे असा नाही. ‘गुलामगिरी’त अवतारकथांचा जो इतिहास म्हणून अर्थ लावला आहे, तो आजच्या संशोधनाच्या कसोटीला उतरणार नाही. उपहास म्हणून तो प्रभावी आहे. प्रमाण म्हणून दुर्बळ आहे. तसेच ज्या पेनने इंग्रज राज्यसंस्थेवर कोरडे ओढले, त्याचा हा वाचक इंग्रज सरकारकडूनच न्यायाची अपेक्षा करतो, ही विसंगतीही लपविण्यासारखी नाही. मात्र ती विसंगती समजून घेतली पाहिजे. ज्याच्या गळ्यातील फास गावातील आहे, त्याला दूरची सत्ता सुटकेचे साधन वाटणे स्वाभाविक होते. त्याच ‘असूड’मध्ये सरकारी खात्यांवरही टीका आहे, हे विसरता कामा नये.

त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात या विचाराचे पक्व रूप दिसते. येथे निर्मीक ही कल्पना मध्यवर्ती आहे. पेनच्या ‘एज ऑफ रीझन’ या ग्रंथातील ईश्वरकल्पनेशी तिचे साम्य उघड आहे. ग्रंथप्रामाण्य नाकारून सृष्टी हाच ईश्वराचा पुरावा मानणे, हे दोघांतही आहे. तथापि भेदही तितकाच उघड आहे. पेनचे पद ‘मॅन’. त्यात स्त्री गृहीत धरावयाची की नाही हे वाचकावर सोपविलेले. फुले मात्र ‘स्त्री-पुरुष’ असा जोडशब्द पुनःपुन्हा योजतात. हक्क म्हणावयाचे की अधिकार म्हणावयाचे, हा शब्दभेद त्यांना महत्त्वाचा वाटत नाही. त्याचा स्वामी कोण, हे त्यांना महत्त्वाचे वाटते, आणि तो स्वामी ते दोन शब्दांत स्पष्ट सांगतात. उसनवारीचा सिद्धान्त येथे अपुरा पडतो. मूळ ग्रंथात जे नव्हते ते ऋणकोने परत केले आहे.

याच संदर्भात ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुष तुलना’ या १८८२ च्या ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. ताराबाई बुलढाण्याच्या, त्यांचे वडील सत्यशोधक विचारांचे. फ्रान्समध्ये ओलँप द गूज हिने १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहून १७८९ च्या जाहीरनाम्यातील उणीव दाखविली होती. १७९३ मध्ये ती गिलोटिनखाली गेली. ताराबाईंनी तो जाहीरनामा पाहिला होता असे मानण्यास आधार नाही, व तसा आधार शोधण्याची आवश्यकताही नाही. दोघींनी ओळखलेली उणीव एकच आहे, एवढेच ध्यानात घ्यावयाचे. विशेष असा की, द गूज हिने जाहीरनाम्याचीच कायदेशीर भाषा घेऊन तीत स्त्रीला बसविले, तर ताराबाईंनी भांडणाची, रोखठोक प्रश्नांची घरगुती मराठी वापरली. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

फुल्यांच्या बरोबरीने व त्यांच्यानंतर आणखी काही प्रवाह मराठीत आले. लोकहितवादींनी ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांतून पार्लमेंटसारख्या संस्थेची ओळख करून दिली. गोपाळ गणेश आगरकर यांनी मिल्ल व स्पेन्सर यांच्या आधारे व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार केला. १८८८ मध्ये सुरू झालेल्या ‘सुधारक’ पत्रातील त्यांचे निबंध तर्कशुद्ध गद्याचा आदर्श होत. परंतु आगरकरांची व्यक्ती ही प्रामुख्याने रूढीने जखडलेली सुशिक्षित व्यक्ती आहे. तिचा झगडा सोवळे, केशवपन व बालविवाह यांच्याशी आहे. बलुत्याशी व वेठीशी नाही. त्यामुळे त्यांच्या गद्यात स्वातंत्र्य हा शब्द जितका तेजस्वी आहे, तितका हक्क हा शब्द जमिनीवर उतरलेला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी हक्काचा स्वामी आणखी एकदा बदलला. सावरकरांनी १९०७ मध्ये मॅझिनीचे लेखन मराठीत आणले, आणि इटलीच्या क्रांतीतून राष्ट्र ही कल्पना तरुण वाचकांच्या मनात रुजविली. खुद्द मॅझिनीचा भर हक्कांपेक्षा कर्तव्यांवर होता, ही गोष्ट येथे सूचक आहे. टिळकांनी होमरूलच्या चळवळीत, १९१६ च्या सुमारास, ‘जन्मसिद्ध हक्क’ हा शब्दप्रयोग घरोघर पोहोचविला. या शब्दप्रयोगाचे सामर्थ्य त्याच्या जुन्या संस्कारात आहे, याची दखल समीक्षेने फारशी घेतलेली नाही. वतनदाराचा हक्कही जन्मसिद्धच होता. टिळकांनी वतनाची ती भाषा उचलून संपूर्ण राष्ट्राला वतनदार केले. म्हणूनच ती ज्याला इंग्रजी येत नव्हते त्याच्याही काळजाला भिडली. परंतु राष्ट्र वतनदार झाले म्हणून गावातील वतनाचे काय, हा प्रश्न तेथे अनुत्तरितच राहिला.

तो प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सर्वांत तीव्रतेने विचारला. महारांचे बावन्न हक्क ही परंपरा महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. बेदरच्या बादशहाने हे हक्क दिले, अशी आख्यायिका सांगितली जाते. मेलेल्या जनावरावरचा हक्क, खळ्यावरच्या धान्याचा हक्क, घरोघर भाकरी मागण्याचा हक्क, अशा गोष्टींचा त्यांत समावेश होतो. जुन्या अर्थाने हे हक्कच होते. त्यांच्यासाठी तंटेही होत. पण त्यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावाची व सरकारची चाकरी बांधलेली असे. हक्क आणि वेठ ही येथे एकाच दोरीची दोन टोके होती. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथील परिषदेत आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढण्याचे व शिळेपाके खाण्याचे सोडून द्या, असे सांगितले, आणि त्याच परिषदेनंतर चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. जुन्या अर्थाचा हक्क टाकल्यावाचून नव्या अर्थाचा हक्क घेता येत नाही, हे त्या दोन दिवसांचे तात्पर्य होय.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच भरलेल्या सत्याग्रह परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली, आणि परिषदेने समान हक्कांचा जाहीरनामा मांडला. त्या तुलनेत अनेकांना अतिशयोक्ती दिसली. परंतु ४ ऑगस्ट व २६ ऑगस्ट या दोन तारखांचा संबंध ध्यानात घेतला तर ती तुलना अत्यंत नेमकी आहे, असेच म्हणावे लागते. महाडलाही एका हक्काचे विसर्जन व दुसऱ्या हक्काचे प्रतिपादन जोडीनेच झाले. पुढे मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात, वंशपरंपरागत वतनांसंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक त्यांनी मांडले. घोषणेनंतर हिशेबाकडे वळणे हे त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. फ्रेंचांना जो धडा १७९३ पर्यंत झगडून मिळाला, तो त्यांनी आरंभीच गृहीत धरला होता.

१९५४ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीवरील भाषणात आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, असे सांगितले. प्रारंभी निर्दिष्ट केलेल्या दुसऱ्या मताला यातून पुष्टी मिळते असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. परंपरेत सारे होतेच असे सांगून स्वस्थ बसणाऱ्याचे हे विधान नव्हे. परंपरेतून निवड करणाऱ्याचे आहे. १९२७ मध्ये व्हर्सायचे नाव घेणारा आणि १९५४ मध्ये बुद्धाचे नाव घेणारा विचारवंत एकच आहे. पहिल्या वेळी त्याला हक्काचा कायदा हवा होता. दुसऱ्या वेळी त्या कायद्याला टिकवून धरणारी बंधुता हवी होती.

या सर्व इतिहासाकडे मानवतसारख्या गावातून पाहिले म्हणजे त्याचे एक निराळेच अंग दिसते. मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील ‘मानवत रोड’ या स्थानकामुळे दूरच्या प्रवाशांनाही नावाने ठाऊक. फुल्यांचा ‘सत्यधर्म’ छापला गेला तेव्हा हे गाव निजामाच्या राज्यात होते, महाडचा जाहीरनामा निघाला तेव्हाही होते. तेथे कारभाराची भाषा उर्दू होती. म्हणजे हक्क हा शब्द कचेरीतही होता व गावगाड्यातही होता, परंतु दोन्हीकडे तो जुन्याच अर्थाने. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकमामुळे साधी सभा भरविण्यासही पूर्वपरवानगी लागे. अशा परिस्थितीत १९३७ मध्ये त्या वेळच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, आणि १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हा लढा वाढत गेला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. सुमारे सोळा महिन्यांच्या अवधीत मराठवाड्याने राजसत्तेचा शेवट, सरंजामी हक्कांचे विसर्जन व मूलभूत हक्कांचे प्रतिपादन ही तिन्ही स्थित्यंतरे अनुभवली. मुंबई इलाख्यात जी गोष्ट शतकभर वादविवादांतून घडत आली, ती येथे कायद्याच्या तीन पावलांत आली. फ्रान्सप्रमाणेच येथेही जहागीरदारांना मोबदला ठरविण्यात आला, हे साम्यही नोंदण्याजोगे आहे.

मराठी संविधानात ‘मूलभूत हक्क’ हा शब्दप्रयोग आहे. हिंदीत ‘मूल अधिकार’ असा आहे. मराठीने हक्क हाच शब्द ठेवला, हे वतनपत्रांपासून महाडपर्यंतच्या इतिहासाला साजेसेच झाले. मात्र वेगाने आलेल्या अर्थाला रुजण्यास वेळ लागतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. आणि नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ पर्यंत थांबावे लागले. नाव हा मानपानाचा विषय आहे, आणि मानपान हा जुन्या हक्काचा सख्खा भाऊ आहे. कायद्याने मोडलेला तो जुना अर्थ मनात किती जिवंत होता, याचे याहून स्पष्ट प्रमाण दुसरे नाही.

तेव्हा पाश्चात्त्य क्रांतिविचाराचा मराठीवरील प्रभाव मोजावयाचा तर किती ग्रंथांची भाषांतरे झाली, किती लेखकांनी कोणाचे नाव घेतले, ही मोजदाद पुरेशी नाही. आपल्याच भाषेतील जुन्या शब्दाशी त्या त्या लेखकाने कोणता व्यवहार केला, हे पाहिले पाहिजे. या कसोटीवर आगरकर स्वच्छ, टिळक प्रभावी, फुले मूलगामी आणि आंबेडकर परिपूर्ण ठरतात. वतनपत्रातील हक्क हा कोणाच्या तरी वतीने बोलत असे. संविधानातील हक्क कोणाच्याही तोंडी शोभतो. या दोन अर्थांमधील वाट मराठी गद्याने स्वतः चालून काढली आहे. ती वाट पुस्तकात पूर्ण झाली. गावात ती अजून चालावयाची आहे, आणि तिचा अभ्यास करणाऱ्याने या दोहोंतील अंतर नजरेआड करता कामा नये.